कोंग्सफ्योर्डचा मराठी नकाशा: प्रकल्प नोंदी

2 जुलै, नी-ऑलेसुंड (स्वालबार्ड, नॉर्वे)

पोचले. लाँगइयरब्येनहून डॉर्निअर 228 ने पंचवीस मिनिटं. हेच विमान आपल्याकडे कानपूरला बनतं असं शेजारणीला सांगितलं, तर ती माझ्याकडे असं बघायला लागली जणू मी ते विकायलाच आले आहे.

नोकरीचं काम ठरलेलं आहे. बोटीतून ठरावीक जागी सीटीडी, म्हणजे पाणी मोजायचं यंत्र, सोडायचं, खोलीनुसार तापमान आणि क्षार नोंदवायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, लेबलं लावायची. त्याची वही वेगळी. ही वही नकाशाची. मागे गुहागरच्या शाळेत हिमाद्रीबद्दल, म्हणजे इथल्या भारतीय संशोधन केंद्राबद्दल, बोलायला गेले होते, तेव्हा भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "भिंतीवर लावायला मराठीतला नकाशा द्या. आणि पक्षी दाखवा हो, नुसता बर्फ बघून मुलं जांभया देतात." हो म्हणून बसले. आता करणं आलं.

सगळं हाताने. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंग पेन, शाईच्या दोन बाटल्या, आणि बाबांची जुनी पितळी मोजपट्टी.

4 जुलै

बाबांना फोन. इथे वायफाय आणि ब्लूटूथला बंदी आहे. गावातली मोठी अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या क्वेसारांचं, म्हणजे तेजस्वी आकाशगंगांच्या गाभ्यांचं, कण्हणं ऐकत असते, त्यात आपली कुजबुज नको, म्हणून वीस किलोमीटरच्या परिघात रेडिओशांतता. लॅपटॉपला केबल लावून बोलायचं.

बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. लेक आर्क्टिकला पोचली याचं कौतुक अर्ध्या मिनिटात आटोपलं. मग, "प्रमाण काय धरलंस?"

"मूळ कागद एकास एक लाखाचा आहे. तो पाचपट करते. एका सेंटिमीटरला दोनशे मीटर."

"बरं. उत्तर, प्रमाण, तारीख. या तीन गोष्टी नसतील तर तो नकाशा नव्हे, रांगोळी. आणि हद्दी कायम आहेत ना?"

म्हटलं, समुद्र आणि डोंगर आहेत बाबा, इथे कोण बांध कोरणार.

पेन्सिलीने पहिली रेघ मारली. 79 अंश उत्तर, 12 अंश पूर्व. स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वायव्येला तोंड आणि आग्नेयेला पोट असलेली, वीसेक किलोमीटर लांबीची खाडी. रुंदी कुठे चार किलोमीटर, कुठे दहा. पोटाशी हिमनद्या थेट पाण्यात उतरतात. दक्षिण काठावर आमचं गाव, समोर उत्तरेला एक मोठं गोलसर भूशिर. ते काढताना हात छान फिरला. (याबद्दल पुढे.)

5 जुलै

शीर्षकातच अडकले. खाडी म्हणावं, उपसागर म्हणावं की फ्योर्ड? गुहागरच्या पोराला खाडी म्हटलं की चिखल, कांदळवन आणि धोपाव्याची फेरीबोट दिसणार. उपसागर म्हटलं की बंगालचा. पाठ्यपुस्तकात फियॉर्ड येतो खरा, पण परीक्षेनंतर कुणाच्या लक्षात राहतो? शीर्षकात 'कोंग्सफ्योर्ड' ठेवलं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'हिमनदीने कोरलेली राजाची खाडी'. कोंग म्हणजे राजा. वहीत मात्र मी खाडीच म्हणणार, आमच्या तोंडात तेच बसतं.

नॉर्वेजियन नावांची शेपटं कळली की अर्धा नकाशा वाचता येतो. आपल्याकडे वाडी, गाव, दुर्ग असतात तसंच. ब्रेन म्हणजे हिमनदी, फ्येले म्हणजे डोंगर, वातने म्हणजे तळं, होल्मेन म्हणजे पाण्यातलं छोटं बेट, ओया म्हणजे बेट, हाल्वोया म्हणजे 'अर्धं बेट', द्वीपकल्प. एवढं सूचीत दिलं की मुलं स्वतःच शोधतील.

9 जुलै

चूक सापडली, आणि तीही फार आवडलेल्या रेघेत.

समोरच्या भूशिराचं नाव ब्लोमस्ट्रँडहाल्वोया. हाल्वोया, म्हणजे जमिनीला चिकटलेलं, म्हणून मी ते चिकटवून टाकलं होतं. आज नमुने घ्यायला त्याच्या मागच्या अंगाने गेलो. जिथे माझ्या कागदावर जमीन आहे तिथून आमची बोट आरामात पाण्यातून चालली होती. बोटवाला म्हणाला, हे बेट आहे. पूर्वी ब्लोमस्ट्रँड हिमनदी या भूशिराला मागून धरून होती. ती मागे हटत गेली आणि 1990 च्या दशकात कळलं की मधे जमीन नाहीच, नुसता बर्फ होता. नावातलं 'अर्धं' मात्र तसंच राहिलं.

याच बेटावर न्यू लंडन नावाची उजाड वस्ती आहे. अर्नेस्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रजाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इथला संगमरवर काढून श्रीमंत व्हायचं ठरवलं. इमले, यंत्रं, रूळ, सगळं आणलं. दगड मात्र गोठण्या-वितळण्याने आतून तडकलेला निघाला, आणि धंदा बसला. यंत्रं अजून गंजत उभी आहेत. नकाशात एक छोटी खूण केली, यावर जास्त शाई घालवायची नाही.

बेट खोडरबराने सुटं केलं. कागदाची लव निघाली.

12 जुलै

डोक्यावर टोच खाल्ली. आर्क्टिक सुरय. वजन जेमतेम शंभर ग्रॅम, चोच लाल, आवाज करवतीसारखा. रस्त्याकडेला खडीत अंडी घालतात आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला शत्रू समजतात. गावात सगळे डोक्यावर काठी उभी धरून चालतात, कारण सुरय सर्वांत उंच टोकावर हल्ला करते. मी ट्रेसिंग पेपरची सुरळी धरली होती, पण खांद्यावर. सुरळी वाचली, टाळू नाही. हाच पक्षी इथला उन्हाळा संपला की अंटार्क्टिकाकडे निघतो आणि पुढच्या वर्षी परततो, त्यामुळे त्याला थोडा माज असणं मी समजू शकते.

सोलवातने तळ्याकाठी बार्नॅकल हंस पिल्लांसकट उतरलेत. ही मंडळी हिवाळा स्कॉटलंडच्या बाजूला, सोल्वे फर्थच्या किनाऱ्यावर काढतात. पिल्लं वाढत असतानाच मोठ्यांची पिसं गळतात आणि त्यांना काही आठवडे उडताच येत नाही. सगळं कुटुंब पायी, आणि कोल्हा गावात फिरतोय. तळ्याकाठी चरताना एक हंस सतत मान वर काढून उभा असतो. मी अर्धा तास पाहिलं. पाळी बदलतात की एकाचाच नंबर लागलाय, ते कळलं नाही.

16 जुलै

आजची नोंद लांबणार.

खाडीच्या पोटाशी गेलो. क्रोनेब्रेन आणि कोंग्सवेगेन या दोन हिमनद्या तिथे शेजारी शेजारी समुद्राला मिळतात. क्रोनेब्रेन स्वालबार्डच्या वेगवान हिमनद्यांपैकी एक, उन्हाळ्यात दिवसाला मीटर-दोन मीटर पुढे सरकते. कोंग्सवेगेन जवळपास निजलेली. पुढे सरकते म्हणून क्रोनेब्रेन वाढते असं नाही. जेवढी येते त्याहून जास्त कोसळते, म्हणून तिची कड वर्षागणिक मागेच जाते. मागे तीन त्रिकोणी शिखरं, त्रे क्रोनेर, तीन मुकुट. स्वेआ, नोरा, दाना, म्हणजे स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क.

पाणी लाल. मला वाटलं होतं निळंशार असेल. हिमनदीच्या तळाशी तांबड्या वालुकाश्माचा भुगा होतो, तो वितळलेल्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. थेट आमच्या पऱ्ह्यांना पहिल्या पावसात येतं तसलं गढूळ, जांभ्याच्या रंगाचं. नकाशावर हा पट्टा काव लावून रंगवायचा हे तिथेच ठरलं.

कडेपासून बरंच दूर इंजिन बंद केलं. कडा कोसळली की लाट येते, जवळ जात नाहीत. आणि त्या लाल पाण्याच्या एकाच डागावर शेकडो किटीवेक! बाजूला मैलभर पाणी रिकामं, आणि इथे आठवडी बाजार. एक पक्षी उचलून घ्यावा तसा वर जातो, वळतो, पंख अर्धे मिटून पाण्यावर पडतो, चोचीत काहीतरी चिमूटभर घेतो, पुन्हा वर. पंखांची टोकं दौतीत बुडवून काढल्यासारखी काळी, त्यावर पांढरा ठिपकाही नाही.

कारण खाली आहे. वर वितळलेलं गोडं पाणी भेगांतून हिमनदीच्या बुडाशी जातं आणि तिथून, समुद्राच्या पातळीच्या कितीतरी खाली, खाडीत सुटतं. गोडं म्हणून हलकं, ते उसळी मारून वर येतं. येताना खोलवरचं खारं पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव, कोळंबीसारखे क्रिल, ओढून आणतं. गोड्या पाण्याच्या धक्क्याने ते जीव गुंगतात किंवा मरतात, आणि वर ताट वाढलेलं असतं. इंग्रज निसर्गअभ्यासकांनी स्पिट्सबर्गनच्या हिमनद्यांसमोरची ही गर्दी 1936 मध्येच लिहून ठेवली आहे. मी या जागेला नकाशात 'उमाळा' म्हणणार आहे. विहिरीला लागतो तो.

उमाळा एका जागी राहत नाही. हिमनदीखालची वाट बदलली की तो सरकतो, आणि पक्षी त्याच्याबरोबर. सीटीडी सोडायची आमची जागा आधीच ठरवून दिलेली, तिथे एकही पक्षी नव्हता. सरांना म्हटलं, पाखरांना विचारून जागा ठरवायला हवी होती. सर म्हणाले, पुढच्या प्रस्तावात लिही.

19 जुलै

किटीवेकला मराठीत काय म्हणायचं? कुरव तर तो आहेच. हिवाळ्यात हर्णै-गुहागरला येणाऱ्या कुरवांचा हा लांबचा भाऊ. पण आपल्याकडे हा सहसा येत नाही, म्हणून कुणी नाव ठेवलेलं नाही. शास्त्रीय नावात 'त्रिदाक्तिला' आहे, तीन बोटांचा, मागचं बोट जवळपास नाहीच. 'तिबोटी कुरव' लिहून पाहिलं, पण तिबोटी म्हणजे तिबोटी खंड्या, हे चिपळूणच्या पोरालाही माहीत आहे. घोटाळा होईल.

नॉर्वेजियन लोक त्याच्या ओरडण्यावरून 'क्रिक्ये' म्हणतात. इंग्रजांना त्याच ओरडण्यात 'किटीवेक' ऐकू आलं. मला मात्र कितीही कान दिले तरी 'कुठेऽऽ वाट' असं ऐकू येतं.

बाबांना विचारलं. "राहतो कुठे?" "कड्यावर." "मग कडेकुरव लिही. गावावरून माणूस ओळखतात." ठरलं. बाकी मंडळींच्या वाटेला जात नाही, आयडर, फुलमार, गिलेमॉट आहेत तसेच.

23 जुलै

2014 मध्ये आजच्याच तारखेला भारताने या खाडीत 'इंडआर्क' ही वेधशाळा सोडली, सुमारे 192 मीटर खोल पाण्यात. हिमाद्री त्याच्या आधीची, 1 जुलै 2008 ची. नांगराला बांधलेली दोरी, तिच्यावर वेगवेगळ्या खोलीवर उपकरणं, आणि अंधारात वर्षभर मोजणी. संध्याकाळी खिचडी आणि गोव्याहून आलेलं लोणचं.

उपकरणं जे सांगतात ते थोडक्यात असं. या खाडीच्या तोंडाशी उंबरठा नाही. बऱ्याच फ्योर्डांना असतो, हिमनदीने ढकललेल्या दगडमातीचा. इथे बाहेरचा अटलांटिकचा कोमट प्रवाह दार ढकलून आत येतो. 2005-06 च्या हिवाळ्यात तो असा आत आला की तेव्हापासून खाडी पूर्वीसारखी गोठत नाही. कडेकुरवांच्या घशातून हेच कळलं. पकडलेला पक्षी घाबरून खाल्लेलं ओकतो आणि शास्त्रज्ञ ते गोळा करतात. 1982 ते 2016 मधल्या अशा नमुन्यांत आधी ध्रुवीय कॉड जास्त होता, 2007 पासून कॅपेलिन, हेरिंग असे दक्षिणेकडचे मासे मिसळू लागले. समुद्र बदलल्याची पावती म्हणून ओकारी. बाईंना हे वर्गात सांगता येईल, पोरं खूश होतील.

28 जुलै

क्रिक्येफ्येले, कडेकुरवांचा डोंगर. गावापासून आत, खाडीच्या पोटाच्या दिशेने. एका पक्षीतज्ज्ञ बाईंच्या बरोबर गेले. बंदूक त्यांच्याकडे, गावाबाहेर अस्वलाच्या भीतीने ती लागतेच.

आधी वास. ओल्या सुकटीच्या पोत्यात कुणीतरी अमोनिया ओतावा तसा. मग आवाज, मग कडा. कड्याखालचा उतार हिरवागार, डोळ्यांना खटकेल इतका. बाकी डोंगर करडे आणि हा एवढाच पट्टा शेणखत घातल्यासारखा. घातलेलंच आहे, पाखरांनी. या असल्या उतारांवर कॉक्लिआरिया नावाची पालेभाजी उगवते. क जीवनसत्त्वाअभावी हिरड्या सुजलेले जुने खलाशी ती खाऊन बरे होत. मी एक पान चावलं. मोहरीच्या पाल्यासारखं तिखट.

दुर्बिणीतून एक घरटं वीस मिनिटं पाहिलं. चिखल, शेवाळ आणि गवत पायाने तुडवून केलेली वाटी, निम्मी हवेत लोंबती. आत दोन पिल्लं, करड्या-पांढऱ्या लवेची, दोघांची तोंडं भिंतीकडे. जमिनीवर घरटी करणाऱ्या कुरवांची पिल्लं धोका दिसला की गवतात पळतात. इथे पळालं तर संपलंच. म्हणून ही हलतच नाहीत. एक पालक आला. पिल्लाने मान वर करून त्याच्या चोचीला चोच लावली, घास घेतला, आणि पुन्हा शहाण्यासारखं भिंतीकडे तोंड.

काम म्हणजे कड्याच्या ठरावीक चौकटीचा फोटो आणि त्यातली घरटी मोजणं. एकाच फोटोत माझी 43 भरली, त्यांची 47. माझी चार आडव्या खडकाच्या सावलीत राहिली होती. त्या म्हणाल्या, "पांढरा ठिपका मोजू नकोस, विष्ठेचा ओघळ मोज. ओघळ असेल तिथे वर कुणीतरी राहतं."

2 ऑगस्ट

रात्रीचे अकरा, उन्हाने पाठ तापलेली. बोट ओसियन सार्सफ्येलेसमोर. इथे कडेकुरवांबरोबर ब्रुनिचचे गिलेमॉटही आहेत, काळे-पांढरे, कपाटात बरण्या लावाव्यात तसे दाटीने उभे. घरटं बांधत नाहीत. उघड्या कपारीवर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं.

पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की, पंख धड फुटलेले नसताना, उडी मारतं. आज एक पाहिलं. कपारीच्या कडेला आलं, मागे गेलं, पुन्हा आलं. शेजारी बाप ओरडतोय. पिल्लू सुटलं, आखूड पंख फडफडवत, दगड पडावा तसं पण तिरकं, आणि पाण्यावर आपटलं. बाप मागोमाग. दोघं ओरडत एकमेकांकडे पोहत गेले आणि एकत्र समुद्राकडे निघाले. आई येत नाही, पुढचे काही आठवडे बापच सांभाळतो. जी पिल्लं पाण्याऐवजी उतारावर पडतात त्यांच्यासाठी कोल्हा खाली बसलेला असतो. तोही होता.

नकाशात या कड्यापासून खाडीच्या तोंडाकडे तुटक रेघ काढली. पोहत जाण्याची वाट.

6 ऑगस्ट

वारा, पाऊस, बोट बंद. शाई सांडली. खाडीच्या तोंडाशी, नेमकं जिथे उत्तरेकडून क्रॉसफ्योर्ड येऊन मिळतो तिथे. ब्लेडने खरवडून पाहिलं, कागद विरला. आता तिथे ढगासारखा डाग आहे. फुलमार करडाच असतो. त्या डागाचाच फुलमार केला, बरा दिसतोय.

दुपारी हवाई जहाजाच्या मनोऱ्यापर्यंत चालत गेले. 1926 मध्ये अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांचं 'नोर्गे' हे हवाई जहाज याच लोखंडी मनोऱ्याला बांधून ठेवलं होतं, इथून ते ध्रुवावरून अलास्काला गेलं. त्याआधी आणि नंतरही गाव कोळशाचं. 5 नोव्हेंबर 1962 च्या स्फोटात 21 माणसं गेली, पुढच्या वर्षी खाण बंद झाली आणि त्या प्रकरणात नॉर्वेचं सरकारही पडलं. आज मनोऱ्याच्या आडोशाला कोकरू म्हणावं एवढं छोटं रेनडिअर उभं होतं.

11 ऑगस्ट

हिमनद्यांच्या कडा कुठे काढू? छापील नकाशातली कड एका जागी, उपग्रहाच्या चित्रातली दुसरीकडे, आणि आम्ही 16 जुलैला पाहिली ती आणखी आत. मी तर त्या छापील नकाशावरच्या बर्फावर बोट चालवली आहे.

बाबांपुढे मांडलं. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"तू म्हणालीस कोण बांध कोरणार."

"हो."

"अगो, नदीकाठच्या जमिनी मोजताना हेच असतं. नदी सरकते, शेत जातं, मळई वर येते. मग भांडण. तू रेघ खोडू नको. जुनी राहू दे, नवी काढ, प्रत्येकीवर तारीख घाल. कोण कधीपासून मागे गेलं ते कागदच सांगेल."

तसंच केलं. छापील कड बारीक, उपग्रहाची तुटक, आमची जाड. मग वाटलं पक्ष्यांना वेगळा न्याय का? उमाळ्यावरच्या गर्दीखाली लिहिलं '16 जुलै'. हंसांच्या तळ्यावर '12 जुलै'. गिलेमॉटच्या वाटेवर '2 ऑगस्ट, रात्री 11'. सुरयीच्या खुणेवर तारीख आणि 'इथे टोच बसते'.

16 ऑगस्ट

लोवेनोयाने, खाडीच्या आतल्या अंगाची छोटी छोटी बेटं. पक्ष्यांसाठी राखीव, 1973 पासून. 15 मे ते 15 ऑगस्ट तिथे उतरायला आणि तीनशे मीटरच्या आत जायला बंदी. उन्हाळाभर लांबून ठिपके पाहिले, आज बंदी उठली म्हणून एकावर उतरलो.

आयडर बदकं गेलेली. दगडाआड घरटं, नुसता खळगा, आणि त्यात मादीने स्वतःच्या छातीची काढून घातलेली लव. तळहातावर घेतली. वजन लागलं नाही, पण दहा सेकंदात तळवा गरम झाला. पुन्हा ठेवून दिली. दोन-तीन खळग्यांत नुसत्या कवच्या होत्या, चिरडलेल्या, पिल्लू बाहेर पडल्यावर राहतात तशा नव्हेत. बोटवाल्याने कवची उलटून पाहिली आणि म्हणाला, अस्वल. खाडी गोठत नाही, सील पकडायला बर्फ नाही, तेव्हा अस्वलं बेटांवर पोहत येतात आणि अंडी एका ओळीने संपवत जातात.

बेटांच्या रंगासाठी पिवळा ठेवला होता. तो लावला.

22 ऑगस्ट

कडेकुरवांची वाटी रिकामी. पिल्लं उडाली, कडा जवळजवळ गप्प. सुरयी कधी गेल्या कळलंच नाही, काठी अजून दाराशी उभी आहे. एप्रिलच्या 18 तारखेच्या सुमाराला उगवलेला सूर्य अजून मावळलेला नाही, पण आता मध्यरात्री डोंगराला टेकतो.

नकाशा पूर्ण. ओळीने फोटो काढून बाबांना पाठवले.

24 ऑगस्ट

सुरळी पीव्हीसी पाइपात भरून दोन्ही तोंडांना टेप लावला. उद्याच्या विमानाने निघणार. जेवत असताना बाबांचा फोन. नावं वाचली, तारखा वाचल्या, फुलमार 'ठीक' म्हणाले.

"प्रमाण दिसलं. तारखा तर गावभर घातल्यास. उत्तर कुठाय?"

टेप काढला. उत्तरेचा बाण काढण्याएवढी मोकळी जागा आता एकच उरली होती, ब्लोमस्ट्रँडच्या बेटामागे, खोडरबराने लव निघालेल्या त्या पाण्यात. शाई जरा फुटली.